भातावरचा छोटा पिवळा पतंग पंखांवरच्या रेषांवरून कसा ओळखावा : गोव्यातल्या नवशिक्यांसाठी

पावसाळ्यात दिवेलागणीनंतर पडवीतली ट्यूब पेटवली की थोड्याच वेळात भिंतीवर नखाएवढे त्रिकोणी पतंग येऊन बसतात. घराजवळ सरद भाताची शेतं असतील, मग गाव डिचोलीतलं असो, पेडण्यातलं, सत्तरीतलं की फोंड्यातलं, तर त्यांत सोनेरी पिवळ्या पंखांचा आणि कडेला तपकिरी पट्टा असलेला एक पतंग बहुधा सापडतोच. भाताची पानं गुंडाळणारी अळी ही याचीच. शास्त्रीय नाव क्नॅफॅलोक्रोसिस मेडिनॅलिस. फ्रेंच कीटकतज्ज्ञ गेने यांनी १८५४ साली हे जातिनाम दिलं. पंख पूर्ण पसरले तरी तो दोन सेंटिमीटरच्या आतच राहतो.

पतंग ओळखायला शिकायचं असेल तर सुरुवात याच्यापासून करा, असं मी आग्रहाने सांगतो. नवीन माणूस मोठ्या, देखण्या पतंगांच्या मागे लागतो. ते क्वचित दिसतात आणि दिसले की चित्र बघून लगेच ओळखता येतात, त्यामुळे नजर तयार होत नाही. हा छोटा पतंग मात्र हंगामात वारंवार येतो, आणि त्याच्या पंखावर शिकण्यासारखं सगळं आहे: कडेचा पट्टा, दोन पूर्ण रेषा, एक अर्धवट रेषा, नर-मादीतला फरक. क्रॅम्बिडी या त्याच्या कुळात जगभर सुमारे १०,००० जाती आहेत. त्यांतल्या कितीतरी जाती याच पद्धतीने वाचता येतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रंगावरून नाव ठरवू नका, रेषांवरून ठरवा. पंखाचा रंग बारीक खवल्यांचा असतो आणि पतंग जसजसा जुना होतो तसतसे खवले झडतात. वर दिव्याचा निळसर उजेड पिवळ्याला पांढरं करून टाकतो. रेषेची जागा मात्र बदलत नाही.

हाताशी काय हवं

- पांढरी सुती चादर किंवा जुनं पांढरं धोतर, दोरी, कपड्यांचे चिमटे
- दिवा: अतिनील किरणांची म्हणजे यूव्ही ट्यूब, नाहीतर साधी जुनी ट्यूबलाइट
- मोबाइल आणि त्यावर चिमट्यासारखी बसणारी मॅक्रो लेन्स
- १० पट मोठं दाखवणारं हातभिंग
- आलेख कागदाचा तुकडा किंवा छोटी पट्टी
- दोन-तीन पारदर्शक डब्या, झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या
- वही आणि पेन्सिल (पावसाळी दमट हवेत पेनाची शाई पसरते)
- लांब बाह्यांचा सदरा, पूर्ण पँट, गमबूट, विजेरी

कागदपत्रं आणि परवानग्या

स्वतःच्या घरी, कुळागरात किंवा शेतात फोटो काढायला कसलीच परवानगी लागत नाही. दुसऱ्याच्या शेतात जायचं तर मालकाला किंवा शेत कसणाऱ्याला विचारा. रात्री बांधावर विजेरी घेऊन फिरणारा अनोळखी माणूस कोणालाही आवडत नाही. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या सामाईक मालकीची, असली तरी ती कसणारा माणूस असतो, त्याला सांगा.

अभयारण्यांचं वेगळं आहे. मोले, बोंडला, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई या ठिकाणी रात्री दिवा लावायचा तर वन खात्याची लेखी परवानगी हवी. अर्जात नावं, तारीख, जागा, कारण आणि गाडीचा नंबर लिहा, सोबत ओळखपत्राची प्रत जोडा. परवानगी फोटोंपुरती मिळाली असेल तर पतंग पकडून नेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो वेगळा विषय होतो. आणि या अभ्यासासाठी अभयारण्यात जाण्याची मुळात गरज नाही. हा पतंग शेतातला आहे.

१. जागा आणि वेळ निवडा

सरद भाताची लावणी जून-जुलैत होते आणि कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. पिकाची वाढ जोरात असते तो काळ, म्हणजे ऑगस्ट आणि सप्टेंबर, सगळ्यात चांगला. चवथीच्या आसपास पावसाची उघडीप मिळते, तेव्हा दिवा लावा. वायंगण म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती असलेल्या गावांत थंडीनंतरही संधी मिळते.

रात्र अंधारी हवी. पौर्णिमेच्या आसपास दिव्यावर पतंग कमी येतात. वारा पडलेला, हवा दमट आणि आभाळ भरलेलं पण पाऊस थांबलेला, अशी रात्र मिळाली तर इतर कामं बाजूला ठेवा. साडेसात ते दहा ही वेळ पुरते.

२. पडदा लावा

चादर शेताच्या दिशेने तोंड करून ताणून बांधा आणि तिचं खालचं टोक जमिनीवर पसरू द्या. छोटे पतंग बरेचदा पडद्यावर न बसता खालच्या घडीत बसतात. दिवा चादरीपासून हातभर पुढे ठेवा. साध्या पांढऱ्या एलईडी दिव्यातून अतिनील किरणं जवळजवळ निघत नाहीत, म्हणून त्यावर पतंग कमी येतात. घरचे सगळे दिवे एलईडी असतील तर यूव्ही ट्यूबवर केलेला खर्च वाया जात नाही. तिच्याकडे थेट बघत बसू नका. कोणी मर्क्युरीचा दिवा दिला तर तो उघड्यावर वापरू नका; तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती फुटते. वायर जमिनीवरून नेताना जोड कोरडा राहील असं बघा.

आता धोके. हे मी ओझरते सांगणार नाही.

दिव्यावर मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळा एक किडा येतो. शास्त्रज्ञ त्याला पेडेरस म्हणतात आणि भातशेतीजवळ तो भरपूर असतो. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला तर त्याच्या शरीरातल्या द्रवाने त्वचेवर भाजल्यासारखे फोड येतात. मानेवर काही वळवळलं की हात मारण्याची सवय सोडा. फुंकर मारून उडवा, आणि चिरडलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवा. तो हात डोळ्यांना लावू नका.

पडद्याखाली किडे जमले की बेडूक येतात आणि बेडकांमागे साप येतात. पाऊल टाकण्याआधी विजेरी मारा. पायाला जखम असेल तर शेतातल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा धोका असतो. सत्तरीत रानाच्या कडेला उन्हाळ्याकडे काम करणार असाल तर गोचिड्यांपासून अंग झाका, कारण २०१५ पासून तिथे माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत.

३. फोटो काढा, पण ठरावीक क्रमाने

पहिला फोटो वरून, पतंगाच्या पाठीला समांतर. मोबाइल तिरका धरला तर रेषांचा बाक बदलतो आणि पुढची सगळी ओळख चुकीच्या वळणावर जाते. दुसरा फोटो बाजूने, डोकं आणि त्यापुढे आलेल्या चोचीसारख्या मिशा दिसतील असा. तिसरा, शेजारी आलेख कागद ठेवून. चौथा मागच्या पंखाचा. तो मिळेलच असं नाही, पण हा पतंग बसताना मागचे पंख पूर्ण झाकत नाही, त्यामुळे थोडी वाट बघितली तर कड तरी दिसते.

पंख बोटांनी उघडायला जाऊ नका. खवले झडतात आणि नेमक्या रेषाच पुसल्या जातात. त्याऐवजी पतंगावर हलकेच डबी पालथी घाला, खालून कागद सरकवा आणि पाच-दहा मिनिटं अंधारात ठेवा. शांत झाला की डबीच्या पारदर्शक तळातून खालची बाजूही बघता येते. फ्लॅशवर बटर पेपरचा तुकडा लावा, नाहीतर पिवळा पंख पांढराफटक येतो.

४. पंखाचा नकाशा समजून घ्या

इथे घाई करू नका. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

पतंगाचं डोकं वर येईल असा फोटो फिरवा. त्रिकोणाच्या डाव्या-उजव्या तिरक्या बाजू म्हणजे पुढच्या पंखांची *पुढची कड*. खालची, झालर असलेली बाजू म्हणजे *बाहेरची कड*. पाठीच्या मधोमध जिथे दोन पंख जवळ येतात ती *आतली कड*. पुढची आणि बाहेरची कड जिथे मिळतात ते पंखाचं *टोक*. पंख शरीराला चिकटतो ते *मूळ*.

आता रेषा. पुढच्या कडेकडून आतल्या कडेकडे जाणाऱ्या रेषांनाच महत्त्व द्या. मुळाच्या जवळची ती आतली रेषा, आणि टोकाकडे, बाहेरच्या कडेच्या अलीकडे असते ती बाहेरची रेषा. इंग्रजी वर्णनांत पहिलीला अँटीमिडियल आणि दुसरीला पोस्टमिडियल म्हणतात. आंतरजालावर शोधताना हे दोन शब्द लागतील. दोन्ही रेषांच्या मध्ये, पुढच्या कडेजवळ, ठिपका किंवा आखूड रेघ असते. तिला डिस्कल खूण म्हणतात. अनेक पतंगांत नाव ठरतं ते या खुणेवर.

'आतली' आणि 'बाहेरची' हे शब्द पतंगाच्या शरीरापासून मोजायचे, फोटोच्या चौकटीपासून नाहीत. फोटो आडवा असला की हा घोटाळा होतो, म्हणून तो आधी फिरवून घ्या.

५. आता आपला पतंग वाचा

फोटोवरून नाव सुचवणारं ॲप (त्याबद्दल आठव्या पावलात) उघडण्याआधी वहीत पाच उत्तरं लिहा.

*बसतो कसा?* पंख सपाट, थोडे बाजूला पसरलेले, रुंद त्रिकोण. घराच्या छपरासारखे तिरके मिटलेले असतील तर हा तो नव्हे.

*बाहेरच्या कडेला काय आहे?* गडद तपकिरी रुंद पट्टा, पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पंखांवर.

*पूर्ण रेषा किती?* पुढच्या पंखावर दोन, आतली आणि बाहेरची, दोन्ही बारीक आणि गडद.

*मध्ये काय आहे?* पुढच्या कडेपासून निघालेली एक आखूड रेघ, जी पंखाच्या मध्यापर्यंतही नीट पोचत नाही. हीच खूण शोधायची. घाईत बघणाऱ्याला तीन रेषा दिसतात. नीट बघणाऱ्याला दोन पूर्ण आणि एक अर्धवट दिसते. मागच्या पंखावरही एक पूर्ण आणि एक आखूड रेघ असते.

*नर की मादी?* नराच्या पुढच्या कडेवर, त्या आखूड रेघेच्या जागी, काळसर खवल्यांचा उभा झुपका असतो. हातभिंगातून तो सहज दिसतो. मादीला झुपका नसतो. बाजूने काढलेला फोटो इथे उपयोगी पडतो, कारण वरून झुपका नुसता काळा डाग वाटतो.

वहीतली नोंद अशी दिसेल: "पिवळा, सपाट त्रिकोण. दोन्ही पंखांना तपकिरी कड. पुढच्या पंखावर २ पूर्ण रेषा, मध्ये १ आखूड. पुढच्या कडेवर काळा झुपका, नर. भाताच्या बांधाजवळ, पडद्यावर, ८.१०."

याच प्रजातीत, म्हणजे क्नॅफॅलोक्रोसिस या गटात, भातावर येणाऱ्या आणखी काही सारख्या दिसणाऱ्या जाती आहेत. काहींचा निकाल तज्ज्ञ पतंगाचे प्रजनन अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच लावतात. म्हणून आखूड रेघ आणि झुपका स्पष्ट नसेल, पंख झिजलेला असेल, तर 'क्नॅफॅलोक्रोसिस' एवढंच लिहून थांबा. अर्धं नाव बरोबर असणं हे पूर्ण नाव चुकीचं असण्यापेक्षा कितीतरी कामाचं.

६. फसवणारे सोबती

त्याच पडद्यावर पुढचे पतंगही येतील. प्रत्येकाची एकच खूण सांगतो.

*भाताचा खोडकिडा* (सिर्पोफॅगा इन्सर्ट्युलस) पिवळाच असतो, म्हणून सगळ्यात जास्त घोळ याच्याशी होतो. पण पंख छपरासारखे मिटलेले, आणि मादीच्या प्रत्येक पुढच्या पंखावर मधोमध एकच काळा ठिपका. आडव्या रेषा नाहीत. नर लहान आणि मातकट असतो, त्याचा ठिपका पुसट.

*सुरळीतील अळी*चा पतंग (पॅरापॉयनक्स स्टॅग्नॅलिस) पांढरा असून त्यावर फिकट तपकिरी नागमोडी खुणा असतात. याची अळी भाताच्या पानाची सुरळी करून तिच्यात राहते, सुरळीसकट पाण्यावर तरंगते आणि तिला श्वासासाठी कल्ले असतात. शेतात पाणी भरलेलं असेल तर सकाळी या सुरळ्या नक्की शोधा, बघण्यासारखी गोष्ट आहे.

*तांबड्या भाजीवरचा* (स्पोलाडिया रिकर्व्हॅलिस) गडद तपकिरी. पुढच्या पंखावर मधोमध पांढरा पट्टा, टोकाकडे आणखी एक आखूड पांढरी खूण. तो बसला की पुढच्या पंखाचा पट्टा मागच्या पंखाच्या पट्ट्याला जुळतो. पट्टा बारीक आणि तुटक दिसला तर तो त्याचा नातलग हायमेनिया असू शकतो.

*तवशीवरचा* (डायफॅनिया इंडिका) मोत्यासारखा पांढरा आणि जवळजवळ पारदर्शक, भोवती रुंद गडद कड, शेपटीला केसांचा झुपका. हा झुपका तो फुलवून हलवतो. परसात तवशी, दोडकी, कारली असतील तर हा येणारच.

*आळसांद्यावरचा* (मारुका व्हिट्राटा) तपकिरी, पण पुढच्या पंखात खिडकीसारखे पारदर्शक तुकडे. डोकं वर उचलून, पंख आडवे पसरून बसतो. एकदा बघितला की पुन्हा चुकत नाही.

*आलं-हळदीवरचा* (कोनोगेथिस पंक्टिफेरॅलिस) पिवळा, पण रेषांऐवजी सगळ्या अंगावर काळे ठिपके. कुळागरात हळद असेल तिथे बघा.

७. सकाळी शेतात जाऊन पडताळा

पंखावरून काढलेलं नाव पानावरून तपासता येतं. हे पाऊल बरेच जण गाळतात, आणि ते मला फार खटकतं.

भाताच्या खाचरात, विशेषतः झाडांच्या सावलीकडच्या बाजूला आणि युरिया जास्त पडलेल्या तुकड्यात, पान लांबीच्या बाजूने दुमडून नळीसारखं झालेलं दिसेल. अळी रेशमाच्या धाग्यांनी पानाच्या दोन कडा शिवते, आत बसून हिरवा भाग खरवडते आणि पानावर पांढरे लांब पट्टे उरतात. नळी हलक्या हाताने उघडा. आत हिरवट-पिवळी अळी, सहसा एकच. हात लागला की ती झटके देत मागे सरकते.

मालकाची परवानगी घेऊन दोन-तीन नळ्या पानांसकट डबीत ठेवा. ओल्या कापसात देठ खोचा आणि रोज ताजं पान द्या. डबीत पाणी साचलं तर बुरशी येते. कोष गुंडाळलेल्या पानातच होतो. अंड्यापासून पतंगापर्यंतचा सगळा प्रवास साधारण महिनाभराचा असतो, त्यामुळे मोठी अळी मिळाली असेल तर फार वाट बघावी लागत नाही. डबीतून निघालेल्या कोऱ्या पतंगाच्या रेषा इतक्या स्वच्छ असतात की पडद्यावरच्या झिजलेल्या फोटोंचा उलगडा त्यातून होतो. कधी अळीतून पतंगाऐवजी बारीक गांधीलमाशी निघते. ती परजीवी असते. तिचीही नोंद करा.

पतंग दिसला म्हणून शेतकऱ्याला फवारणीचा सल्ला देऊ नका. लावणीनंतरच्या पहिल्या ३०-४० दिवसांत पानांचं झालेलं नुकसान भात बहुधा भरून काढतो, आणि लवकर फवारणी केली तर कोळी आणि अंड्यांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आधी मरतात. शेतकऱ्याला काळजी वाटत असेल तर त्याला विभागीय कृषी कार्यालयाकडे किंवा जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेकडे पाठवा, सोबत तुमचे फोटो द्या.

८. नोंद टाका

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा त्याच्या ॲपवर खातं उघडा. एका पतंगाचे सगळे फोटो एकाच नोंदीत टाका, प्रत्येक फोटोची वेगळी नोंद करू नका. तारीख, वेळ आणि ठिकाण भरा. ठिकाण तुमचं घरच असेल तर ते धूसर ठेवण्याची सोय आहे, ती वापरा. टिपणाच्या जागी वहीतली पाच उत्तरं जशीच्या तशी उतरवा. ओळखणाऱ्या तज्ज्ञाला त्यांचा फार उपयोग होतो.

ॲप स्वतः एक नाव सुचवतं. ते सूचना म्हणून वाचा, निकाल म्हणून नाही. सुचवलेल्या जातीच्या पानावर जाऊन ती भारतात नोंदलेली आहे का ते बघा, मग आपल्या रेषा तिच्या रेषांशी ताडा. दोन जणांनी एकच नाव दिलं की नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरू शकते, पण दुसऱ्याने नुसतं तुमचंच नाव उचललेलं असू शकतं. मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळावर भारतातल्या पतंगांचे फोटो जातीनिहाय लावलेले आहेत, तुलनेसाठी तेही उघडा ठेवा. जुलैच्या अखेरीस पतंग सप्ताह असतो, २०१२ पासून चालू आहे. त्या दिवसांत ओळखणारे जास्त सक्रिय असतात.

गावची यादी थोडी वाढली की एक प्रत पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या. लोक जैवविविधता नोंदवहीत कीटकांनाही जागा असते.

९. दिवा वेळेवर बंद करा, आणि पुढची जात निवडा

दहा-साडेदहाला दिवा बंद करा. चादर झाडाझुडपांकडे नेऊन हलकेच झटका. रात्रभर दिवा चालू ठेवला तर पतंग तिथेच बसून राहतात आणि पहाटे कोतवाल आणि बुलबुल त्यांना टिपून खातात.

मेडिनॅलिसची नर-मादी न अडखळता सांगता येऊ लागली की पुढे तांबड्या भाजीवरचा स्पोलाडिया घ्या. त्याच्या खाद्यवनस्पती परसात असतात, त्यामुळे शेतात उतरण्याची गरज पडत नाही, आणि पांढऱ्या पट्ट्याची रुंदी मोजायची सवय लागते. त्यानंतर मारुका. खोडकिड्याच्या पुसट नरांना हात घालायचा तो सगळ्यांत शेवटी.